बोटांचा रकाना

कळमन्यात पहाटे हॅलोजनखाली
सगळीच संत्री पिकलेली दिसतात.
उजाडलं की निम्मी हिरवी निघतात.
माझ्या खांद्याला काळी पेटी, खिशात पट्ट्यांचं पाकीट.
अडते एकमेकांना सांगतात,
"आली विषवाली."

काम तसं सोपं.
ओल्या बोळ्याने साल पुसायची,
देठाच्या खळगीत जरा जास्त वेळ, फवारा तिथेच साचतो.
बोळा कुपीत पिळायचा, कुपीतला थेंब पट्टीवर.
पट्टीवरच्या कार्बनच्या रेघेवर
एक एन्झाइम वाळवून ठेवलेलं असतं.
तुमच्या-माझ्या नसांतही त्याचीच भावंडं,
आलेली हाक पुसून टाकतात
पुढची ऐकू यावी म्हणून.
थेंब स्वच्छ असला की ते कामाला लागतं,
पडद्यावर रेघ चढते.
विष असलं की ते गप्प बसतं.
मी पगार घेते तो
हे गप्प बसणं मोजण्याचा.

बीप मी बंद करून ठेवलाय.
मागच्या हंगामात एकदाच वाजला,
आणि काटोलच्या त्या गाडीभोवती अशी गर्दी जमली
जणू चाकाखाली कुणी आलंय.

शेडच्या टोकाला फुलवंताबाई कुंभरे,
एकवीस वर्षं संत्री निवडते आहे.
हातात तीन-तीन, नजर दुसरीकडेच:
मोठं, मध्यम, चुरी. मोठं, चुरी, चुरी.
"काय आलं वो पोरी?"
"मर्यादेच्या आत आहे."
"कोनाच्या मर्यादेच्या?"

मी सांगायला लागले:
किलोमागे इतकं, खाणाऱ्याचं वजन इतकं धरून…
"मी तं खात नाई," ती म्हणाली,
"मले आता वासच नको वाटते."
मग पदराला हात पुसून
उजवा पंजा माझ्यापुढे धरला.
"याले लाव."

नमुना: साल, असं छापलंय फॉर्मवर.
लॉट, गाव, बहार, अडत्याचं नाव.
बोटांना रकाना नाही.
मी बोळा फिरवला.
पेरांवरची कातडी सोललेली,
नखांच्या कडेला पिवळं, साबणाने न जाणारं.
थेंब टाकला. नव्वद सेकंद.
लिलाव शेजारच्या ढिगावर सरकला,
कुणीतरी चहाचे ग्लास मांडले,
एक संत्रं घरंगळत नालीपर्यंत गेलं
आणि बकरीने ते हुंगून सोडलं.

रेघ चढली नाही.
ती माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती.
"सरकी हाय ना? वाकडी-तिकडी नाई?"
"सरळ आहे."
"मंग चांगलंच असन."
मला लगेच बोलायला हवं होतं.
मी चहा संपवला, मग बोललो आम्ही,
पण तो चहा अजून घशात आहे.

दुसऱ्या दिवशी हातमोजे नेले, निळे, डझनभर.
तिने घातले. अर्ध्या तासाने काढून कमरेला खोचले.
"याच्यात संत्र मुकं होते वो.
तसंबी थंडीपासून बोटाईले मुंग्या हायेत,
निम्मंच आयकू येते.
उरलं तेबी झाकू का?"

शेऱ्याच्या जागी मी लिहिलं:
निवडणारीची बोटं, रेघ सपाट.
ढोबळे सरांनी फोन केला,
हे कोणत्या लॉटचं, म्हणाले.
मी म्हटलं, सगळ्याच.
पलीकडे बराच वेळ
कुणी काही बोललं नाही.
तेवढंच मला मोजता येत नाही.

निघताना तिने ढिगातून एक उचललं,
अंगठ्याने दाबलं, माझ्या हातावर ठेवलं.
"हे पाय. वरून गोजिरं, आतून पोचट."
माझ्या पेटीने ते सकाळीच पास केलं होतं.
गेटपाशी थांबून मी ते फोडलं.